खुळखुळ्याचा सांगावा

जानूचा सातवा घोडा कड्यावरून गेला, तेव्हा बयाबाई त्याच्यापासून दहा पावलांवर होती.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. कोळसुंदचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं साडेतीन मैल लांबीचं सपाट पठार. तिथलं गवत नुकतं पिवळं पडू लागलं होतं. बयाबाई आपल्या बारा घोड्यांमागे निवांत उभी होती. एवढ्यात पलीकडून एक तांबडा घोडा येताना दिसला. तो चरत नव्हता की उधळलाही नव्हता. नुसता चालत होता, दोरी मारल्यासारखा सरळ. वाटेत करवंदीची जाळी आली, तो तिच्यातूनच गेला. कातळाला गुडघा आपटला तरी थांबला नाही. डोळे उघडे, पण त्यांत ओळख नव्हती.

बयाबाईने धावत जाऊन त्याचं लोंबणारं दावं धरलं. पाय रोवले. घोड्याने तिला ओढत नेलं.

"सोड आक्का! वढून न्हेल तुला! सोड!"

मागून जानू लंगडत येत होता. पाच वर्षांत धाकट्या भावाच्या तोंडून तिच्यासाठी आलेला हा पहिला शब्द. तिने दावं सोडलं. पुढच्या दहा पावलांवर सडा संपत होता. घोड्याने तिथेही चाल बदलली नाही.

दोघं भावंडं कड्याच्या अलीकडे उभी राहिली. खाली वाकून बघायची गरज नव्हती. जानूचा श्वास शांत व्हायला वेळ लागला. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "सात गेली माझी. तुझ्या एकाला कधी साधी शिंक तरी आली का गं?"

"काय म्हणायचंय तुला?"

"त्येच. पाच वर्सांमागं म्हणालो त्येच."

पाच वर्षांमागे, दसऱ्याला, साऱ्या वाड्यासमोर, म्हणजे वस्तीसमोर, तो म्हणाला होता की उंबरवाड्याचं कुणीतरी आपल्या कुरणात काहीतरी टाकतंय. उंबरवाडा सड्याच्या उगवतीच्या टोकाला, बयाबाईचं सासर. वाकीचा वाडा मावळतीच्या टोकाला, तिचं माहेर. मधे नुसता सडा. त्या दिवशी बयाबाई म्हणाली होती, "आजपासनं मला माहेर न्हाई." तेव्हापासून भाऊबीज बंद होती.

या रोगाला सड्यावर 'वाट लागणं' म्हणत. घोड्याला वाट लागली की तो चालत सुटतो, आणि पडेपर्यंत चालतो. जानूचा पाय असाच एका घोड्याला अडवताना मोडला होता. आणि आता घोडं जाणं म्हणजे नुसतं जनावर जाणं राहिलं नव्हतं. सरकारने सारा सडा राखीव केला, इंजिनाच्या गाड्यांना बंदी झाली, त्याला अकरा वर्षं झाली होती. माथ्यावरच्या चौदा वाड्यांचं रेशन, सौर बॅटऱ्या, औषधं, अडलेल्या बाया, सगळं घोड्याच्या पाठीवरून जात होतं. जानूकडे नऊ होती त्यातली दोन उरली, तसे मावळतीकडचे सहा वाडे जवळजवळ तुटलेच होते.

दुसऱ्याच दिवशी डॉ. नाझनीन मुकादम सड्यावर आली. चिपळूणची मुलगी. जनावरांच्या विषबाधेवर काम करायची, सड्यावरच्या घोड्यांची बातमी ऐकून निघाली होती. आल्या आल्या दोराने कडा उतरून तिने मेलेल्या घोड्याच्या यकृताचा तुकडा काढून आणला. तो लाकडासारखा टणक होता. तो तुकडा ताटलीत घेऊन ती आधी जानूकडे गेली, मग बयाबाईकडे, आणि दोघांना एकच गोष्ट सांगितली.

"हे खुळखुळ्याचं काम."

खुळखुळा सगळ्यांनाच माहीत होता. पिवळ्या फुलांचं गुडघाभर झुडूप. शेंगा वाळल्या की आत बिया वाजतात. पाऊस आखडत गेला तसं सड्यावरचं गवत विरळ झालं होतं आणि मोकळी जागा खुळखुळ्याने धरली होती.

"ह्ये तर गाई-म्हसरं पण खात्यात," बयाबाई म्हणाली.

"गाईच्या पोटात भट्टी पुढे असते, आक्का. चारा आधी तिथे आंबतो, तिथले जंतू बरंचसं विष मोडतात, मग तो आतड्यात जातो. घोड्याची भट्टी अगदी शेवटाला. विष आधी रक्तात उतरतं, ते थेट यकृताला. यकृत महिनोन् महिने सोसतं. एक दिवस ते थकतं, मग रक्तातली घाण मेंदूत चढते. घोडा चालायला लागतो तेव्हा विष खाऊन कदाचित सहा महिने झालेले असतात."

"मग माझी घोडी?" बयाबाईने विचारलं. "ती बी याच सड्यावर चरत्यात."

नाझनीनने तिच्या बाराही घोड्यांचं रक्त तपासलं. बाराही ठणठणीत. ती दोन दिवस डोकं धरून बसली. तिसऱ्या दिवशी तिने सड्यावर चारशे काड्या रोवल्या, उदबत्तीएवढ्या. प्रत्येक काडीच्या टोकाला वास टिपणारं नखाएवढं यंत्र होतं.

"मला तुमच्या घोड्यांबरोबर चालू द्या," दोन दिवसांनी ती बयाबाईला म्हणाली. "आणि तुम्ही हा घाला."

तो एक जाड काचांचा चष्मा होता. नाझनीन त्याला गंधचष्मा म्हणायची. वास म्हणजे हवेत सुटलेले बारीक कण, आणि प्रत्येक जातीचा कण ठरावीक उजेड गिळतो. चष्म्यातून न दिसणाऱ्या उजेडाच्या सुया हवेत सुटत. कुठल्या कणाने किती उजेड गिळला हे चष्मा मोजे, काड्यांशी पडताळून बघे आणि काचेवर तेवढा रंग भरे. शहरात गॅसची गळती शोधायला असली यंत्रं आधीपासून होती. नाझनीनने त्याला झाडांचे वास शिकवले होते.

सकाळचे सात वाजले होते. घोडी न चरता सड्याच्या मध्यापर्यंत येऊन घराकडे वळली होती, उगवतीचा वारा तोंडावर येत होता. बयाबाईने चष्मा घातला. आधी काहीच वेगळं दिसलं नाही. सडा, दंव, घोडी. सर्वांत पुढे काजळी, बावीस वर्षांची म्हातारी घोडी. तिच्यामागून बाकीची जायची. काजळीने मान खाली घातली आणि गवताबरोबर खुळखुळ्याचे दोन कोवळे शेंडे तोडले.

तुटलेल्या शेंड्यातून धूर निघाला.

बयाबाई दचकून मागे सरली. धूर नव्हता तो. फिकट तांबूस रंगाचा एक धागा हवेत उठला, थरथरला आणि वाऱ्याबरोबर मागे वळला. शेजारच्या झुडपाला तो लागला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या झुडपातून, ज्याला कुणी तोंडही लावलं नव्हतं, तसाच तांबूस धागा निघाला. मग त्याच्या पलीकडच्यातून. मग एकदम पाच-पन्नास झुडपांतून. बघता बघता धाग्यांची चादर झाली. जमिनीलगत हातभर उंचीवरून ती सरकत निघाली. खळग्यात साचली, कातळाला वळसा घालून गेली, पुढच्या खुळखुळ्याला जागं करून आणखी दाट झाली. सड्याची सगळी जमीन, जी बयाबाईने जन्मभर मुकी म्हणून तुडवली होती, ती बोलत होती.

तिने चष्मा काढला. वाऱ्यावर गवत हलत होतं, बाकी काही नाही. पुन्हा घातला. तांबूस पूर वाहतच होता.

"बाई, ह्ये काय हाय?" तिचा आवाज देवळात असल्यासारखा खाली आला होता.

"सांगावा," नाझनीन म्हणाली. तीही कुजबुजतच होती. "एक झुडूप दुसऱ्याला सांगतंय, मला खाल्लं, तू जपून राहा. ऐकणारं झुडूप पानात विष भरायला घेतं. दोन तासांत तिप्पट. कुणी छेडलं नाही तर रात्रीतून ते उतरतं. झाडं असं करतात हे आम्हाला माहीत होतं, पण एवढ्या लांब, एवढं सगळ्यांनी मिळून... आक्का, हे मीही पहिल्यांदाच बघतेय."

"आणि काजळी?"

"तिच्याकडे बघा ना."

काजळी वाऱ्याकडे तोंड करून चालली होती. चार घास, दोन पावलं. सांगावा तिच्या मागे वाहत होता. तिच्या पुढची झुडपं अजून बेखबर होती. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांच्यात विष होतं, पण नावापुरतं. बाकीची अकरा तिच्या मागोमाग, पसरून, त्याच बाजूने. एकही मागे वळून चरत नव्हतं.

बयाबाईला आठवलं, काजळीची आई चंद्री अशीच चालायची. वडिलांनी ती आंदणात दिली होती. सड्यावरची सर्वांत शहाणी घोडी लेकीबरोबर सासरी धाडली होती त्यांनी.

किती तरी वेळ ती बघत राहिली. हसूही आलं तिला, घोडी केवढी हुशार म्हणून. मग सहज तिने मान फिरवली, सांगावा जातो तरी कुठवर ते बघायला. तांबूस पूर दाट होत होत मावळतीकडे चालला होता. टोकाला वाकीच्या वाड्याची कौलं दिसत होती. वाड्यातून दोन घोडी नुकतीच बाहेर पडली होती. पुराने आधीच ती जागा गाठली होती. जानूच्या घोड्यांनी त्यात माना खाली घातल्या.

बयाबाई कातळावर बसली.

तिची घोडी उजाडताच सुटायची. पहिल्यापासून. जानू गिऱ्हाइकांना दूध घालून मग सोडायचा, नऊच्या सुमाराला. दसऱ्यापासून माघापर्यंत वारा उगवतीचा. रोज सकाळी तिच्या घोड्यांनी जागं केलेलं विष रोज नऊ वाजता भावाच्या घोड्यांच्या पुढ्यात तयार असायचं. वर्षानुवर्षं.

"तुम्हाला कळलं होतं, बाई?"

"काल कळलं. काड्यांवरून." नाझनीन तिच्याशेजारी बसली. "आक्का, तुम्ही काही मुद्दाम केलेलं नाही. माझ्या अहवालात वाड्यांची नावं येणार नाहीत. सड्याचं नावही बदलून देईन."

घरी सुनेने, कमळने, हेच सांगितलं. "आत्या, गप ऱ्हावा. जानूमामांनी सगळ्यांदेखत तुमच्यावर आळ घेतला. आता तुम्हीच जाऊन म्हणणार, खरं हाय म्हणून? उद्या सात घोड्यांची भरपाई मागितली तर?"

"मागू दे."

"पण तुम्ही इख घातलं न्हाई!"

"न्हाई घातलं," बयाबाई म्हणाली. "पण ठाऊक नव्हतं तवर. उद्या सकाळी घोडी सोडली, तर ती ठाऊक असताना सोडलेली आसतील. मग घातलं असंच म्हणायचं की न्हाई?"



त्याच दुपारी बयाबाई चष्मा पदराखाली घेऊन सडा ओलांडून गेली. पाच वर्षांत प्रथमच. जानू ओट्यावर दावं वळत बसला होता. त्याने मान वर केली, पण ये म्हणाला नाही. तिने काजळीने तोडलेला शेंडा ते त्याच्या दारातली दोन घोडी, इथपर्यंत सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. त्याला पटलं नाही तेव्हा चष्मा पुढे केला आणि कुंपणालगतच्या खुळखुळ्याची फांदी मोडली.

जानूने चष्मा घातला. हातातलं दावं गळून पडलं. तो वळून वळून बघत होता, मधेच हवेत हात फिरवत होता, जणू तो तांबूस पदर बोटांना लागेल.  माणूस पहिल्यांदा समुद्र बघतो तसा तो बघत होता. मग त्याने चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला.

"म्हंजे मी खोटं बोलत नव्हतो."

"न्हाई."

"आणि तू बी."

"न्हाई."

"सात घोडी, आक्का." तो म्हणाला. "रात्रंदिस वाटायचं मला, कोण आपल्या वाईटावर हाय. आणि हितं कुणीच नव्हतं. वारा होता."

"आता उपाय हाय," ती म्हणाली. "समदी घोडी एकदम सोडायची, वारा जिकडं जातो त्या टोकानं. म्हंजे तुझ्या दारातनं. मंग वाऱ्याकडं तोंड करून चरत जायचं. सांगावा मागं जाईल, खाऊन झालेल्या रानावर. पुढ्यात कुणाला कळायचं न्हाई. माझी बारा आन् तुझी दोन, काजळीमागं."

जानू उठला. "तुझी घोडी माझ्या दारात नकोत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "कळतंय मला समदं. पर तुझी बारा माझ्या दोनाशेजारी उभी ऱ्हायली, की मला ती सात दिसणार. जा तू."

ती गेली. पण दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच तिने बाराही घोड्यांना मुसकी बांधली, म्हणजे वाटेत कुणाला पानाला तोंड लावता येऊ नये. काजळीचं दावं हातात घेतलं आणि साडेतीन मैल चालून वाकीच्या वाड्याच्या कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. जानूचं दार बंद होतं. तिने हाक मारली नाही.

सात वाजले. आठ वाजले. उपाशी घोडी खूर आपटू लागली, मुसक्यातून फुरफुरू लागली. काजळीने दोनदा तिच्या खांद्याला डोकं घासलं. मुसकी काढून घोडी सोडता आली असती, खालच्या टोकालाच तर उभी होती ती. पण जानूची दोन मागाहून सुटली असती तर तीच गत. कमळ मागून भाकरी घेऊन आली, सासूच्या शेजारी उभी राहिली. नाझनीन लांब काड्या तपासण्याचं नाटक करत होती.

नऊ वाजले. जानूची रोजची वेळ. दार उघडलं.

तो दोन घोडी घेऊन बाहेर आला. कुंपणापाशी थांबला. तिच्या घोड्यांवरून एकेक करत नजर फिरवली, मोजल्यासारखी. मग काजळीजवळ गेला आणि तिच्या कपाळावर तळहात ठेवला.

"चंद्रीचंच कपाळ हाय," तो म्हणाला. "काढ मुसकी. किती वेळ उपाशी ठिवलीस त्यांना."

चौदा घोडी सड्यावर पसरली. पुढे काजळी. नाझनीनने चष्मा भावंडांना दिला आणि ती दोघं आळीपाळीने बघत राहिली. एकाने दुसऱ्याला सांगावं, "आता उठला बघ, त्या कातळापाशी." घोड्यांच्या पायांमागून तांबूस पूर उठत होता, लाटेवर लाट, आणि मावळतीला सरकत होता. पुढे मात्र उगवतीपर्यंत सगळा सडा स्वच्छ, उन्हात निर्धास्त. त्या दोन रंगांच्या मधल्या रेघेवर घोडी शांतपणे चरत होती. कुणी आखली नव्हती ती रेघ. घोड्यांच्या पावलांबरोबर ती पुढे पुढे जात होती.

"एवढं समदं चालू आसतं," जानू हळू म्हणाला, "आन् आपुन नुसतं दावं वळत बसतो."

नाझनीनने त्याला फसवी आशा दाखवली नव्हती. झालेलं नुकसान भरून येत नाही हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच्या दोनांतला करडा घोडा पौषात चालायला लागला. विष त्याने केव्हाच खाल्लेलं होतं. या वेळी त्यांनी त्याला अडवलं नाही. वाड्यामागे बांबूचं गोल कुंपण घालून त्यात सोडला, आणि बयाबाई एका बाजूने, जानू दुसऱ्या बाजूने, त्याच्या मानेवर हात ठेवून त्याच्याबरोबर चालत राहिले. दोन दिवस तो गोल फिरत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघे टेकून बसला आणि तसाच गेला. जानू रडला. पण कुणाकडे बोट दाखवलं नाही.

दुसरीच्या, पांढऱ्या घोडीच्या रक्तातलं यकृत बिघडल्याचं माप पौषाच्या शेवटी खाली आलं. माघात आणखी खाली. नाझनीन काड्या गोळा करून घेऊन गेली. तिला तीन जिल्ह्यांतून बोलावणं आलं होतं. अहवालात सड्याचं नाव बदलायची गरज उरली नव्हती. बयाबाईनेच सांगितलं, खरं नाव घाल. जाताना नाझनीनने चष्माही नेला. सांगावा पुन्हा दिसेनासा झाला, पण आता तो आहे हे सड्यावर पोराटोरांना ठाऊक होतं. कुणी उगाच फांदी मोडली तर म्हातारी माणसं रागवत, "कशाला जागं करतोस त्यांना?"

फाल्गुनातल्या एका सकाळी उंबरवाड्यात बयाबाई नेहमीप्रमाणे मुसकी बांधत होती. वाकीला जायची घाई होती. घोडी मात्र अस्वस्थ, कान मागे टाकलेले, काजळी दारातून पाऊल टाकायला तयार नाही. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. तेवढ्यात कुंपणाबाहेर खूर वाजले.

पांढऱ्या घोडीच्या तोंडाला मुसकं होतं. शेजारी जानू उभा होता, धापा टाकत. लंगड्या पायाने साडेतीन मैल. पाच वर्षांत त्याने या दाराचा उंबरा बघितला नव्हता. त्याच्या पटक्याचा शेमला उगवतीकडे फडफडत होता.

"आक्का," त्याने हाक मारली, "वारा फिरलाय. खालचं टोक आज तुझं. मुसकी काढ."